यादीत नसलेली यादी

गेल्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, एम. ए.ला माझ्याकडे लोकसाहित्य शिकलेली. लग्न ठरले होते. ठरले म्हणजे दोघांनी ठरवले होते. मुलगा लालबागचा, घर मूळचे कोकणातले. ती बौद्ध, तो मराठा. दोघांनाही कोणत्याच घरचा विधी नको होता. नोंदणी पद्धतीने विवाह आणि संध्याकाळी दादरच्या एका हॉलमध्ये जेवण, एवढाच बेत. तिच्या हातात चौदा पानांचा छापील गठ्ठा होता. महाजालावरून उतरवून घेतलेल्या लग्नाच्या तयारीच्या याद्या. म्हणाली, "मॅडम, हे सगळं वाचलं. पण सुरुवात कुठून करायची तेवढंच यात नाही."

मी तिला पहिला प्रश्न विचारला तो नोटिशीचा. तिला नोटीस ठाऊक नव्हती. हॉलची तारीख चोवीस दिवसांवर आली होती. एका मध्यस्थाने 'कोर्ट मॅरेज, एका दिवसात' असे सांगून आगाऊ रक्कमही घेतली होती. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. ती तारीख गेली, हॉलची अनामत गेली, मध्यस्थाचे पैसे गेले, आणि मुलाच्या आत्याला 'हे लग्न देवालाच मान्य नाही' असे म्हणायला निमित्त मिळाले. ही शेवटची गोष्ट सर्वांत महाग पडली. तीस दिवसांची एक ओळ त्या चौदा पानांत असती, तर हे काहीच घडले नसते.

म्हणून मी ती चौदा पाने नीट वाचली. आपण जसा पाठ वाचतो तशी वाचली. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडते आहे. माझा वाद दोघांशी आहे. एक म्हणजे ही पाने लिहिणारा बाजार. दुसरा पक्ष आपला, म्हणजे मराठी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांचा. आणि मी आधीच सांगून टाकते, की दुसऱ्या पक्षाचा अपराध मला अधिक मोठा वाटतो.

या याद्यांचा निवेदक कोण, हे कळत नाही. नाव नाही, तारीख नाही. वाक्ये सगळी आज्ञार्थी, आणि क्रियापदे मोजून तीनचार: निवडा, ठरवा, बुक करा, विसरू नका. काळाची चौकट उलट मोजलेली: बारा महिने आधी हे, सहा महिने आधी ते, आठवडाभर आधी चेहऱ्यासाठी अमुक. भाषा मराठी म्हणावी तर 'तुमच्या मोठ्या दिवसासाठी' असले प्रयोग पानोपानी. कोणत्या मराठी आईने आपल्या लेकीच्या लग्नाला 'मोठा दिवस' म्हटले असेल? पण भाषेच्या शुद्धीशी मला येथे फारसे कर्तव्य नाही. या मजकुराने कल्पिलेला वाचक कोण, हा खरा प्रश्न आहे. तो वाचक वधू नाही, वर नाही, आईबापही नाहीत. तो गिऱ्हाईक आहे. ज्या कृतीसाठी पैसे मोजावे लागतात ती कृती यादीत आहे. जिच्यासाठी मोजावे लागत नाहीत, ती नाही. विवाहाची नोटीस कोणी विकत नाही, म्हणून ती यादीत नाही. हे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. या वाङ्मयप्रकाराचा तो नियमच आहे.

यावर आपल्या वर्तुळात जे उत्तर हमखास येते ते मला पाठ आहे. 'पूर्वी कुठे लागत होत्या याद्या? गिरगावात नारायण होते.' पु. लं.नी 'व्यक्ती आणि वल्ली'त अजरामर केलेला हा नारायण आपल्या सर्वांचा लाडका: बस्ता, वाजंत्री, आचारी, टांगे सारे अंगावर घेणारा आणि कार्य पार पडल्यावर कोणाच्या फारसा लक्षात न राहणारा. खरे आहे. फणसवाडीत, ठाकूरद्वारला, खोताच्या वाडीत असे नारायण होते. लालबाग-परळला गावकीच्या खोल्या होत्या. मंडळाची मोठी भांडी होती. कोणता आचारी अडवतो, कोणता छापखाना पत्रिका वेळेवर देतो, फुले दादरला कितीला पोहोचले तर स्वस्त मिळतात, हे सांगणारी माणसे जिन्याजिन्यावर होती. हे ज्ञान खरे होते, फुकट होते आणि त्याला पत्ता होता.

परंतु हा नारायण कोणाच्या लग्नात राबत असे, हेही विचारले पाहिजे. तो आपल्यांतल्यांच्या लग्नात राबे. जी काकू रुखवताचे बारकावे सांगत असे, तीच काकू 'अमक्याची मुलगी तमक्याबरोबर दिसली' ही वार्ता संध्याकाळच्या आत गावी पोचवत असे. गावकीची खोली ही मदतीची जागा होती आणि पाळतीचीही. जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यासाठी नारायण कधीच आला नाही. अशा मुलामुलींना आज पहिल्यांदा, कोणाला न विचारता, रात्री फोनच्या उजेडात काही शोधता येते. महाजालाचे हे मोल मी कमी लेखणार नाही. उलट तेच मोल जाणून मी म्हणते, की जिला काकूला विचारता येत नाही तिला यंत्राने काकूपेक्षाही कमी सांगावे, हा अन्याय आहे. ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्यासाठीच मजकूर सर्वांत कमी.

तर काय असायला हवे होते त्या चौदा पानांत? मी तीनच गोष्टी सांगते. तिन्ही सार्वजनिक आहेत, कोणत्याही विधिग्रंथालयात मिळतील अशा.

पहिली गोष्ट 'कोर्ट मॅरेज' या शब्दाची. असे लग्न नसते. न्यायालयात कोणी लग्न लावत नाही. जे असते ते विशेष विवाह कायदा, १९५४ खालचे लग्न, आणि ते विवाह अधिकाऱ्यासमोर होते. दोघांपैकी एकाने तरी नोटिशीपूर्वी निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते. तीस दिवस हरकतींसाठी असतात. ते संपल्यावरच विवाह होतो, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तो झाला नाही तर नोटीस नव्याने द्यावी लागते. तीन साक्षीदार लागतात. विवाह अधिकाऱ्याला जादा शुल्क भरून, कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या आपल्या पसंतीच्या ठिकाणीही बोलावता येते. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे असे बारावे कलम: वधूने वराला आणि वराने वधूला, 'मी तुला कायदेशीर पती वा पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो' या आशयाचे वाक्य अधिकारी व साक्षीदारांसमोर उच्चारल्यावाचून हा विवाह पूर्ण होत नाही, आणि ते वाक्य दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत उच्चारता येते. म्हणजे मराठीत. संस्कृत न कळणाऱ्या दोघांसमोर संस्कृत म्हणण्याची प्रथा ज्यांनी आयुष्यभर वर्गात खिल्लीत काढली, त्यांना ही तरतूद माहीत असायला नको का? माझ्या त्या विद्यार्थिनीला ती मी सांगितली तेव्हा तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला.

दुसरी गोष्ट: लग्न लागणे आणि लग्नाची नोंद होणे या दोन भिन्न क्रिया आहेत. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली विवाहाची नोंद होते. मुंबईत ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते. लालबाग-परळकरांना एफ-दक्षिण, पश्चिम दादरकरांना जी-उत्तर, गिरगावच्या बऱ्याच भागाला डी. पण ही नोंद आधी लागलेल्या लग्नाची असते. 'एका दिवसात' म्हणणारे मध्यस्थ नेमके येथे खेळतात. घाईघाईने हार घालून, कधी तेवढेही न करता, नोंदीचा कागद हातात दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्टच सांगितले, की हिंदू विवाह कायद्याखालच्या विवाहात आवश्यक विधी झालेलेच नसतील, तर केवळ प्रमाणपत्राने तो विवाह सिद्ध होत नाही. त्या कायद्याचे सातवे कलम वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींना मान्यता देते; आणि त्या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीखही त्यात येतात. तेव्हा कोणता मार्ग धरायचा, याचा निर्णय हॉल ठरवण्यापूर्वी व्हायला हवा. आमच्या चौदा पानांत हॉल पहिल्या पानावर आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोचते, कारण ती अक्षरशः यादीच आहे. आपल्याकडे लग्न ठरले याला 'याद्या झाल्या' म्हणत. 'यादीपे शादी' हा तर नेहमीचा शब्दप्रयोग. देण्याघेण्याची कलमे लिहिलेला तो कागद अनेक घरांत वधूपित्याच्या शरणागतीचाच करारनामा असे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा गुन्हा ठरवला, आणि १९८५ च्या नियमांनी वेगळीच एक यादी सांगितली. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती लेखी करायची. प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अदमासे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते असल्यास नाते. खाली दोघांच्या सह्या. न मागता दिलेल्या भेटी हुंड्यातून वगळल्या आहेत, पण त्या अशा यादीत नोंदवल्या असतील तर. एवढा साधा कागद. संसार मोडायची वेळ आली, तर 'माझे दागिने' असे म्हणणाऱ्या मुलीच्या हातात पुरावा म्हणून काही असावे, यासाठी केलेला. कायद्याने लग्नाच्या संदर्भात सांगितलेली ही यादी आपण किती घरांत पाहिली? आणि शेकडो कलमांच्या त्या 'संपूर्ण' याद्यांत ही यादी किती वेळा आढळते? माझ्या चौदा पानांत 'भेटवस्तू' हे कलम तीनदा आले आहे. तिन्ही वेळा पाहुण्यांना काय द्यावे यासाठी.

याच पानांत 'महाराष्ट्रीय विवाह' असे एक प्रकरण आहे. मुंडावळ्या, अंतरपाट, नऊवारी, हिरवा चुडा, सप्तपदी, आणि खाली छायाचित्रे. हे खोटे नाही; पण हे एवढेच आहे, हे खोटे आहे. गिरगाव ते लालबाग हे अंतर चालत तासाभराचे. तेवढ्यात खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांचे वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणलेले उंबराचे पाणी आहे. कोळ्यांची रात्रभर चालणारी हळद आहे. बीडीडी चाळींत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून लागणारी लग्ने आहेत. गिरगावातच १८७४ पासून प्रार्थना समाजाचे मंदिर उभे आहे. मूर्ती आणि कर्मकांड टाळून संस्कार करू पाहणाऱ्यांची ती वास्तू. ही सारी लग्ने मराठीत लागतात. पण बाजाराला वेश लागतो, आणि एका वेळी एकच वेश विकणे सोपे. सांस्कृतिक एकजिनसीकरणावर आपण चर्चासत्रे घेतो. ते प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहायचे असेल तर लग्नाच्या तयारीचे एक पान उघडावे.

आता दुसरा पक्ष. आपण.

हा मजकूर बाजाराच्या हाती गेला, कारण आपण तो हातातून सोडला. उपयुक्त मजकूर म्हणजे वाङ्मय नव्हे, ही आपली जुनी सोवळी समजूत. अभ्यासक्रमात 'व्यावहारिक मराठी' म्हणून अर्ज आणि इतिवृत्त शिकवायचे, आणि ते शिकवताना चेहऱ्यावर कंटाळा लपवायचाही नाही. वास्तविक आपली परंपरा असे सांगत नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाच्या मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक काढले. ते काय होते? भटजीवाचून लग्न कसे लावायचे, हे सांगणारी मार्गदर्शिका. त्यातील मंगलाष्टकांत वधू-वर परस्परांशी बोलतात, आणि वधू स्त्रीच्या हक्काचा प्रश्न भर मांडवात उभा करते. ती कविता, तो विधी आणि ती माहिती यांना वेगळे करून दाखवावे कोणी. जोतीरावांना ठाऊक होते, की मुक्तीचा विचार लोकांपर्यंत न्यायचा तर 'काय करायचे आणि कोणत्या क्रमाने' हे लिहावे लागते.

आणखी जवळची उदाहरणे आहेत. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. वाटी-चमच्याच्या मापाने तिने सासूच्या अंदाजाची मक्तेदारी मोडली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले. पंचांग पोथीतून भिंतीवर आले, आणि पानामागे नामवंतांचे लेख आले. मुहूर्तावर माझा विश्वास नाही; पण मुहूर्त सांगणाऱ्याच्या घरी खेटे घालायची गरज एका छापील पानाने कमी केली, हे मी कसे नाकारू? या पुस्तकांवर किती प्रबंध झाले? आपण मात्र मंगलाष्टक हा शब्द उच्चारला की हसतो. घरातल्या कोणा मामाने शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत नातेवाइकांची नावे कशीबशी कोंबलेली, बाराव्या अक्षरावरचा यती धाब्यावर बसवलेली ती रचना आपल्याला हास्यास्पद वाटते. परंतु वृत्तबद्ध कविता अजून सामान्य माणूस स्वतःहून लिहितो, अशी ती बहुधा शेवटची जागा आहे. तिकडे आपण पाठ फिरवली आणि मग तिथे तयार मंगलाष्टके विकणारा आला, तर दोष कोणाचा?

दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे काम वकिलांचे. कायद्याचा सल्ला वकिलाने द्यावा, हे मान्य. पण कलमाचा अर्थ सोप्या, निःसंदिग्ध, तारीख घातलेल्या मराठीत मांडणे हे भाषेचे काम आहे, आणि भाषा आपली आहे. दुसरा आक्षेप असा, की महाजालाच्या महापुरात चार पानांनी काय होणार? यावर एक प्रसंग सांगते. जून २०२० मध्ये शादी डॉट कॉम या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. कारण वापरणाऱ्यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. वधुपरीक्षेतल्या 'गोरी पाहिजे'वर शंभर वर्षे कथा-कादंबऱ्या लिहून जे साधले नव्हते, त्यातला एक कण काही वाचकांच्या हरकतीने साधला. पाठ बदलता येतो. त्यासाठी कोणीतरी तो वाचून 'हे चूक आहे' असे म्हणावे लागते.

पाठचिकित्सा आपण शिकवतोच. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकाची मेहनत घेतली, तिचे गोडवे गातो. तीच हत्यारे येथे चालवावीत. कोणतेही 'मार्गदर्शन' समोर आले की विचारावे: कर्ता कोण? काळ कोणता? आधार कोणता, कलमाचा क्रमांक दिला आहे का? हे लिहिण्याचे पैसे कोण देतो? आणि सर्वांत महत्त्वाचे, हा मजकूर कधी तरी 'हे घेऊ नका' असे म्हणतो का? जो मजकूर एकदाही 'नको' म्हणत नाही, तो सल्ला नसून जाहिरात असते. हे पाच प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एका तासात शिकवता येतील.

शिकवून थांबू नये, लिहावे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या परिसरापुरती चार पाने लिहावीत. वर लेखकाचे नाव आणि तारीख, दर वर्षी तपासणी. त्यात नोटीस असावी, नोंद असावी, १९८५ ची यादी असावी. घरून विरोध असलेल्या जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात दिले आहेत, हेही असावे. हळदीची गाणी असावीत, उंबराचे पाणी असावे. तीन साक्षीदारांसमोर उच्चारायचे ते एक वाक्य चांगल्या मराठीत कसे म्हणता येईल, याचे पाचसहा नमुने असावेत. हे शेवटचे काम तर कवींचेच आहे.

माझ्या विद्यार्थिनीचे लग्न पुढे जुलैत झाले. पाऊस होता, आत्या आल्या नाहीत, आई आली. विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी ते वाक्य मराठीत म्हटले. संध्याकाळी चाळीतल्याच एका मोठ्या खोलीत जेवण झाले, आणि ते उरकल्यावर तिने वहीचे एक पान पुढे केले. भेटींची यादी होती. वर्णन, किंमत, नाव, नाते. माझ्या नावापुढे नाते या रकान्यात तिने 'शिक्षिका' लिहिले होते. दोघांनी खाली सह्या केल्या. मग तिने त्या चौदा पानांच्या पाठकोऱ्या बाजूला मागच्या दोन महिन्यांत काय काय, कोणत्या क्रमाने करावे लागले ते लिहून काढले. तिच्या मामेबहिणीसाठी. ती चार पाने सध्या माझ्याकडे आहेत. पुढच्या वर्षी ती मी वर्गात पाठ्य म्हणून लावणार आहे. ज्यांना अभ्यासमंडळात हरकत घ्यायची असेल, त्यांनी अवश्य घ्यावी. हरकतीसाठी तीस दिवस आहेत.